शेवटच्या रांगेतून रोबो दिसला पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दरवर्षी विद्यार्थ्यांची रोबोटिक्स स्पर्धा होते. चाळीसेक संघ येतात. सकाळी उद्घाटनाला हॉल भरतो, पण दुपारच्या जेवणानंतर खुर्च्या रिकाम्या होतात आणि अंतिम सामना पाहायला स्पर्धकच तेवढे उरतात. यंदा मोठा एलईडी पडदा, रंगीत दिवे आणि डीजे यांवर खर्च करायचा विचार आहे. प्रेक्षकांना खिळवून ठेवायचं तर जागेत आणखी काय काय हवं?

मी कॉलेजात असताना रोबोकॉन या महाविद्यालयीन रोबो स्पर्धेसाठी बॉट, म्हणजे रोबो, बांधला, पुढे काही वर्षं स्वयंसेवक म्हणून एरिनावर, म्हणजे रोबोंच्या मैदानावर, उभी राहिले आणि आता अशा स्पर्धांची मैदानं, बैठक आणि तांत्रिक मांडणी करून देणं हेच माझं काम आहे. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पहिलं सांगते ते हे, की डीजेचे पैसे वाचवा आणि ते बैठकीच्या पायऱ्यांवर घाला. रोबोच्या सामन्यात थरार मुळातच असतो. वर्षभर खपून बांधलेलं यंत्र दोन-तीन मिनिटांसाठी मैदानात उतरतं आणि एक वायर निसटली तर सगळं संपतं. यापेक्षा जास्त थरार कुठून आणणार? पण तो प्रेक्षकाला दिसत नाही किंवा दिसला तरी उमगत नाही, म्हणून लोक उठून जातात. जागेचं काम आहे तेवढंच: जे घडतंय ते दिसू द्यायचं आणि समजू द्यायचं.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या सपाट हॉलमध्ये मी मागच्या भिंतीला टेकून सामना पाहत होते. माझ्या शेजारी एक बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभ्या होत्या, एका हातात पर्स, दुसऱ्या हाताने पुढच्या माणसाचा खांदा धरलेला. भोंगा वाजला, पुढची मुलं उड्या मारायला लागली. त्या खाली वाकून मला म्हणाल्या, "अहो, झालं का? जिंकले का आमचे?" जिंकले होते. त्यांच्या मुलाने चार महिने वसतिगृहात रात्री जागून बांधलेल्या बॉटने शेवटच्या सात सेकंदांत सामना फिरवला होता, आणि त्यांना दिसली होती फक्त माणसांची डोकी. तो हॉल मीच मांडला होता. तेव्हापासून कुठलीही मांडणी करताना मी आधी सगळ्यात वाईट खुर्चीवर जाऊन बसते आणि स्वतःला विचारते, की रोबोतलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसाला इथून तीन गोष्टी कळतील का: कोण पुढे आहे, आत्ता काय करायचा प्रयत्न चाललाय आणि किती वेळ उरलाय.

बैठकीचा नमुना हवा असेल तर कोल्हापूरला जाऊन खासबाग मैदान पाहून या. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधून घेतलेलं हे मैदान. मधोमध कुस्तीचा मातीचा हौदा आणि भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, पुढच्याचा फेटा आड येत नाही. जपानमध्ये तांत्रिक महाविद्यालयांचा वेगळा रोबोकॉन असतो, त्याची अंतिम फेरी टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये होते. तेही मुळात सुमो कुस्तीचंच सभागृह, चारी बाजूंनी उतरत आलेलं. कुस्तीचा आखाडा रोबोंना किती फिट बसतो बघा. मैदान लहान, खेळ जवळचा, आणि सगळी गंमत बारीक हालचालीत असते.

तुमच्याकडे बहुधा सपाट बहुउद्देशीय हॉल असेल. अशा वेळी लोक एरिना उचलून स्टेजवर ठेवतात. तसं करू नका. कडेवरून बॉट घसरला की खाली पडतो, आणि समोरच्या रांगांना एरिनाची जमीन दिसेनाशी होते. उलट, बैठक उचला. मंडपवाल्यांकडे पायऱ्यांची लाकडी किंवा लोखंडी गॅलरी भाड्याने मिळते. लांब बाजूंना ती लावा. पुढे दोन सतरंज्या टाकून शाळेची मुलं बसवा, त्यांच्यामागे खुर्च्यांची एकच रांग, मग पायऱ्या. आणि पाहुण्यांचे सोफे सगळ्यात पुढे ठेवायची पद्धत मोडा. सोफा रुंद असतो, त्याच्यासमोर टीपॉय येतो, टीपॉयवर फुलं आणि पाण्याच्या बाटल्या येतात, मग मागच्या चार रांगांना एरिनाची जवळची कड दिसत नाही. पाहुण्यांना पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर बसवा. तिथून खरंच जास्त छान दिसतं, असं सांगितलं की कुणी नाराज होत नाही, हा माझा अनुभव आहे.

दृष्टी अडवणारे दुसरे दोन घटक म्हणजे संघातली मुलं आणि फोटोग्राफर. संघाचे सदस्य एरिनाभोवती कुठेही उभे राहिले तर प्रेक्षकांना पाठीच दिसतात. त्यांची जागा आखूड बाजूंना, पट्टी मारून पक्की करा. फोटो काढणाऱ्यांनी एका रेषेपलीकडे जायचं नाही आणि रेषेवर बसूनच काढायचे. हा नियम पहिल्या सामन्यापासून पाळला तर टिकतो, मधेच लावायला गेलात तर भांडण होतं.

आता खेळाकडे येते, कारण जागा कितीही उत्तम असली तरी समस्याविधानच, म्हणजे रोबोंना दिलेलं कामच, दिसण्याजोगं नसेल तर उपयोग नाही. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेचा रोबोकॉन २००२ साली टोकियोत सुरू झाला. तो दूरचित्रवाणीवाल्यांनी सुरू केलेला असल्यामुळे त्यात पाहणाऱ्याचा विचार पहिल्यापासून आहे. यजमान देश आपल्या संस्कृतीतला खेळ किंवा प्रसंग विषय म्हणून देतो. २००८ साली स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय दहीहंडीवर बेतलेला होता: उंचावर टांगलेल्या हंड्या आणि त्यांतलं लोणी. रोबो काय करतोय हे कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. २०१४ मध्ये पुन्हा पुण्यात झाली तेव्हा विषय होता आईबाप आणि मूल. मोठा रोबो छोट्या रोबोला सी-सॉवर बसवतो, झोका देतो, जंगलजिमवर चढवतो. झोक्यावर बसलेला छोटा रोबो पाहून ज्यांना मोटर म्हणजे काय ते ठाऊक नाही तेही हळहळतात किंवा हसतात. २०२२ मध्ये यजमानपद नवी दिल्लीकडे होतं आणि विषय लगोरी. आपल्याकडे लगोरी न खेळलेलं माणूस शोधावं लागेल.

तेव्हा तुम्ही स्वतःचं समस्याविधान ठरवत असाल तर दोन कसोट्या लावा. एक म्हणजे उंची. जमिनीवरची रेषा पकडून चालणारा छोटा बॉट सहाव्या रांगेतून दिसतच नाही. काहीतरी वर जायला हवं, वरून पडायला हवं किंवा हवेतून उडायला हवं. दुसरी म्हणजे ओळख. रचणं, पाडणं, टोपलीत टाकणं, झुकवणं, अशी क्रियापदं लोकांना आयती कळतात. "क्यूआर कोड वाचून योग्य कप्प्यात वर्गीकरण" हे अभियंत्याला कठीण वाटतं म्हणून आवडतं, प्रेक्षकाला मात्र तिथे एक यंत्र थांबून राहिलेलं दिसतं.

अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेतून दोन वर्षांचे खेळ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१५ च्या खेळात दोन्ही बाजू आपापल्या अर्ध्या मैदानात खोकी रचायच्या. एकमेकांना अडवायचं नाही, आणि पुढे जायचं ते आपल्या सरासरी गुणांवर. यंत्रं अप्रतिम होती. पण मला ते पाहताना दोन कारखाने शेजारी शेजारी चालू असल्यासारखं वाटायचं. २०१८ मध्ये त्यांनी मैदानाच्या मधोमध एक भलामोठा तराजू उभा केला. ज्या बाजूचं पारडं खाली, त्या बाजूला प्रत्येक सेकंदाला गुण. एवढं एकच वाक्य समजलं की शेवटच्या रांगेतला माणूस सामना पाहू शकतो, कारण गुणफलक बघायची गरजच नाही. पारडंच गुणफलक आहे! विषय ठरवताना असं एखादं "पारडं" मैदानात आहे का ते शोधा.

रोबोकॉनमध्ये आणखी एक युक्ती आहे, ती कॉलेज पातळीवर सहज उचलता येते. ठरावीक काम पुरं केलं की वेळ शिल्लक असला तरी सामना तिथेच संपतो आणि तो संघ जिंकतो. त्या विजयाला यजमान भाषेतलं नाव असतं. २०१४ मध्ये "शाब्बास" होतं, २०१७ ला टोकियोत "अप्पारे", २०२४ ला व्हिएतनाममध्ये "मुआ वांग". गुणांनी मागे पडलेला संघही त्या एका कामाने उलटवू शकतो, म्हणून शेवटच्या सेकंदापर्यंत कुणी उठत नाही. आणि जिंकल्यावर ओरडायला एक शब्द मिळतो. साऱ्या हॉलने एकदम ओरडायचा शब्द असणं ही साधी गोष्ट नाही.

इथपर्यंतचं बरेच आयोजक करतात. प्रेक्षक खरे गळतात ते मधल्या वेळेत. सामना तीन मिनिटांचा धरा. त्याआधी संघाला बॉट मांडायला एक मिनिट. पण प्रत्यक्षात आधीच्या संघाने बॉट बाहेर काढायचा, स्वयंसेवकांनी वस्तू जागेवर लावायच्या, पंचांनी गुणपत्रिकेवर सह्या घ्यायच्या, पुढच्या संघाला शोधून आणायचं. स्टॉपवॉच घेऊन बसा, दहा-बारा मिनिटांत एक सामना असं गणित निघतं. म्हणजे तासाभरात प्रेक्षकाने जेमतेम पंधरा-अठरा मिनिटं खेळ पाहिला आणि बाकी वेळ रिकामं मैदान. चित्रपटगृहात असं झालं तर लोक पडदा फाडतील.

यावर सगळ्यात चांगला उपाय दोन एरिनांचा. एकावर सामना चालू असताना दुसऱ्यावर मांडणी, निवेदन मात्र एकच, प्रकाशही चालू असलेल्या मैदानावरच. शाळकरी मुलांच्या फर्स्ट टेक चॅलेंज स्पर्धेत मैदान १२ फूट बाय १२ फूट एवढंच असल्यामुळे दोन मैदानं शेजारी मांडून आलटून पालटून सामने घेण्याची पद्धत रुळलेली आहे. तुमच्या हॉलमध्ये दोन मोठे एरिना बसत नसतील तर एरिनाच्या दारात रांग लावा: पुढचे दोन संघ बॉटसकट, बॅटरी जोडून, तपासणी होऊन तिथेच उभे असले पाहिजेत. हातगाडीवरून बॉट पिटमधून, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागेतून, आणण्यात जो वेळ जातो तो सामन्यांच्या मधला नसावा. वस्तू जागेवर लावायला सहा स्वयंसेवक ठेवा आणि त्यांची आदल्या दिवशी तालीम घ्या, प्रत्येकाने कुठली वस्तू उचलायची ते ठरवून. मी एका ठिकाणी जमिनीवर वस्तूंच्या जागा खडूऐवजी रंगीत चिकटपट्टीने आखल्या आणि पुन्हा मांडणीचा वेळ निम्म्याहून खाली आला.

उरलेली मिनिटं लपवू नका, दाखवा. मांडणीचं एक मिनिट हाच एक छोटा सामना आहे. तीन मुलं गुडघ्यावर बसून हवेचा दाब बघतायत, एक जण सेन्सरवरची धूळ रुमालाने पुसतोय, एकीने दोन्ही डोळे मिटून घेतलेत. मोठ्या घड्याळावर ते साठ सेकंद उलटे मोजा आणि कॅमेरा त्यांच्या हातांवर न्या. लोक श्वास रोखून बघतात. पंच चर्चेला एकत्र आले की निवेदकाने सांगायचं, "निळ्या बॉटचं चाक रेषेबाहेर गेलं होतं का, यावर निर्णय चाललाय," आणि तोच क्षण पडद्यावर पुन्हा दाखवायचा. मग हॉलमध्ये शेकडो पंच तयार होतात, आणि वाट पाहणं सुसह्य होतं.

निवेदकाबद्दल मला फार आस्था आहे. कुस्तीच्या मैदानात आपल्याकडे निवेदकाची एक परंपरा आहे. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या यात्रेत काय झालं, आत्ता कोणता डाव टाकायला बघतोय, हे सगळं तो हलगीच्या ठेक्यावर सांगत जातो. कुस्तीतलं काही न कळणारा माणूसही त्यामुळे बाजू घेतो. रोबोच्या सामन्यात बहुतेक वेळा मायक्रोफोन कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाकडे असतो आणि तो "कम ऑन, लेट्स हिअर इट" एवढंच म्हणत राहतो. त्याऐवजी दोघांना बसवा. एक माजी रोबोकॉनपटू, ज्याला यंत्र कळतं, आणि एक बोलका माणूस, जो त्याला प्रेक्षकाच्या वतीने प्रश्न विचारेल. दोघांनी आदल्या संध्याकाळी पिटमध्ये फिरून प्रत्येक संघाबद्दल दोन ओळी लिहून घ्यायच्या.

फरक किती पडतो ते बघा. "आर-टूने तिसरा ऑब्जेक्ट ग्रिप केला आहे" हे ऐकून कुणाचं काही हलत नाही. आणि हे ऐका: "ही तिसरी चकती. सकाळी दोन्ही वेळा हिच्यावरच यांचा हात सुटला होता. दुपारी जेवायला न जाता पोरींनी बोटांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलंय... उचलली... धरली... धरून ठेवलीय!" दुसऱ्या वाक्यात रबराचा तुकडा नायक झाला. प्रेक्षक त्या चकतीकडे बघायला लागतो, आणि एकदा त्याला कुठे बघायचं ते कळलं की तो तुमचा झाला.

भाषा मराठी ठेवा, संघ बाहेरचे असतील तर हिंदी मिसळा. नियम सांगायला इंग्रजी लागलं तर लागू द्या, पण उत्कंठेला आपली भाषाच कामी येते.

आवाजाची दुसरी बाजू म्हणजे हॉल. पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटच्या भिंती असल्या की दोन मोठे स्पीकर लावून नुसता घुमारा होतो, शब्द कळत नाहीत. लहान स्पीकर जास्त संख्येने, प्रेक्षकांच्या जवळ, कमी आवाजात लावा. संगीत फक्त मधल्या वेळेत ठेवा, सामना सुरू झाला की बंद. मोटरची चढत जाणारी किणकिण, सिलिंडरमधून हवा सुटतानाचा फस्स आवाज, चकती जागेवर बसल्याचा ठक्क, हे सगळं एरिनाच्या कडेला दोन मायक्रोफोन ठेवून लोकांना ऐकवा. फर्स्टच्या सामन्यात सुरुवातीला तुतारीसारखी धून, रोबो आपला आपण चालतो तो स्वयंचलित टप्पा संपला की भोंगा, सामना थांबवावा लागला तर जहाजाच्या भोंग्यासारखा खर्ज, असे ठरलेले आवाज असतात. मान खाली घालून वडा खाणाऱ्यालाही कळतं की काय झालं. तुम्हीही चार आवाज ठरवा आणि दिवसभर तेच वापरा. ढोल-ताशा हवाच असेल तर संघांच्या प्रवेशाला, हॉलबाहेर. बंद हॉलमध्ये त्याने निवेदनही बुडतं आणि पंचांची शिट्टीही.

दिव्यांच्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. एका स्पर्धेत हॉलला पश्चिमेच्या उंच खिडक्या होत्या. सकाळच्या फेऱ्या सुरळीत झाल्या. चारच्या सुमारास उन्हाची तिरीप एरिनावर आली आणि रेषा पकडून चालणारे बॉट एकामागून एक भरकटायला लागले. आम्ही संघांनाच दोष देत राहिलो. तिसरा बॉट त्याच कोपऱ्यात वळला तेव्हा एका प्रयोगशाळा साहाय्यकाने वर बोट दाखवलं. उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात आणि स्वस्त सेन्सर त्यांनी आंधळे होतात. खिडक्यांवर काळं कापड लावलं तेव्हा भरकटणं थांबलं, पण तोवर दोन चांगले संघ बाहेर गेले होते आणि लोकांनी अर्धा तास नुसती भरकटणारी यंत्रं पाहिली होती. तेव्हा खिडक्या आदल्या दिवशीच झाका. एरिनावर पांढरा, स्थिर, एकसारखा प्रकाश, प्रेक्षकांवर मंद. सराव आणि सामना एकाच प्रकाशात झाले पाहिजेत. फिरते रंगीत दिवे आणि धूर फक्त बक्षीस समारंभाला. धुराने लेसरवर चालणारे अंतरमापक फसतात, रंगीत प्रकाशाने कॅमेरे रंग चुकीचे वाचतात. शिवाय लाल झोतात लाल-निळा संघ ओळखू येत नाही, मग प्रेक्षकाने ओरडायचं कुणासाठी?

लाल-निळ्याबद्दल एवढंच, की ओळख बॉटवरच मोठी असली पाहिजे. फर्स्टमध्ये प्रत्येक रोबोभोवती लाल किंवा निळ्या कापडाचा जाड बंपर असतो आणि त्यावर पांढरे ठळक आकडे. टक्करीपासून बचावही होतो आणि लांबून ओळखही पटते. संघाचं बोधचिन्ह छोट्या स्टिकरवर लावलेलं कुणाला दिसत नाही.

खेळात चेंडू फेकायचे असतील किंवा लढाऊ रोबो असतील तर आडोसा लागतोच. जाळी लावाल तर काळी लावा. पांढरी जाळी दिव्यांत चमकते आणि नजर तिच्यावरच अडकते, काळी काही मिनिटांत दिसेनाशी होते. लढाऊ रोबोंना पॉलिकार्बोनेटच्याच जाड भिंती हव्यात. अ‍ॅक्रिलिक दिसतं तसंच, पण आघाताने त्याचे धारदार तुकडे उडतात, तिथे तडजोड नाही. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधली रोबोवॉर्स पाहिली असेल तर त्या पारदर्शक पिंजऱ्याभोवतीची गर्दी आठवेल. ठिणग्या उडत असताना सुरक्षितपणे जवळ उभं राहता येतं, हेच तिथलं आकर्षण आहे. दिवे मात्र डोक्यावरून सरळ खाली पडतील असे लावा, समोरून लावले तर भिंतीत दिव्यांचंच प्रतिबिंब दिसतं.

भरलेल्या हॉलची एक अडचण रिकाम्या हॉलमध्ये कधीच कळत नाही. सरावात झकास चाललेला ब्लूटूथचा किंवा वायफायचा बॉट अंतिम सामन्यात जागच्या जागी थिजतो. हजारभर फोन, त्यांतले पन्नास हॉटस्पॉट, सगळे त्याच लहरींच्या पट्ट्यात. वर माणसांची शरीरंही त्या लहरी शोषून घेतात. प्रत्येक सामन्याआधी हॉटस्पॉट बंद करायची घोषणा करा, कॉलेजचं त्या हॉलमधलं वायफाय दिवसभर बंद ठेवा आणि संघांना आधीच कळवा की तारेचा किंवा चांगल्या रेडिओ कंट्रोलरचा पर्याय हाताशी ठेवा. मैदानात मेलेला बॉट तीन मिनिटं बघणं हा प्रेक्षकाच्या आणि त्या मुलांच्या वाट्याला येणारा सगळ्यात वाईट अनुभव.

पडदा घ्यायचाच असेल तर घ्या, पण त्यावर काय दाखवणार ते आधी ठरवा. छतावरून सरळ खाली बघणारा एक कॅमेरा आणि एरिनाच्या कडेला, बॉटच्या उंचीवर एक, एवढे दोन पुरतात. ड्रोन नको. चित्र उशिरा उमटत असेल तर तो उशीर कमी करून घ्या, नाहीतर हॉल ओरडतो आणि पडद्यावर अजून काहीच घडलेलं नसतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात घड्याळ, दोन रंग, दोन आकडे कायम राहू द्या. प्रायोजकांची चित्रफीत सामना चालू असताना कधीच नाही. गुण सामना संपल्यावर जाहीर करायची पद्धत मला पटत नाही. टॅबलेटवर दोन जणांनी गुण टाकत जायचे, ते "तात्पुरते" म्हणून लगेच दाखवायचे आणि पंचांनी नंतर पक्के करायचे. क्वचित एखादा आकडा बदलतो, लोक समजून घेतात. कोण पुढे आहे हेच न कळता तीन मिनिटं बसणं त्यांना जास्त जड जातं.

गर्दी कशी बसवता यालाही महत्त्व आहे. समोरासमोरच्या संघांचे समर्थक एरिनाच्या समोरासमोर बसवा, म्हणजे घोषणांची जुगलबंदी आपोआप लागते. हरलेले संघ दुपारी निघून जातात, कारण त्यांना थांबायचं कारण नसतं. फर्स्टमध्ये एका बाजूला तीन संघ मिळून खेळतात, आणि बाद फेरीआधी वरचे आठ संघ मैदानात उभं राहून आपले साथीदार निवडतात. तिथे विसाव्या क्रमांकाचा संघही एखाद्या खास कौशल्यामुळे निवडला जाऊ शकतो. त्यामुळे निवड होईपर्यंत कुणी बॅग भरत नाही, आणि निवड स्वतःच एक नाट्य असते. तुमच्या चाळीस संघांत दोघादोघांच्या जोड्या करून बाद फेरी खेळवली तरी तेच साधेल.

वेळापत्रकात अंतिम सामन्याची वेळ छापील ठेवा आणि पाळा. साडेपाच म्हणजे साडेपाच. शाळेच्या बस सहाला सुटतात, बाहेरगावच्या पालकांना शेवटची एसटी गाठायची असते. भाषणं सकाळी उरका. उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या मध्ये सत्कार ठेवलात तर दिवसभर चढवत आणलेली उत्कंठा वीस मिनिटांत ओसरते, ती पुन्हा चढत नाही.

आणि पिट उघडा करा. बहुतेक ठिकाणी तो मागच्या खोलीत असतो, दारावर "प्रवेश बंद". त्याऐवजी हॉलला लागून, एका बाजूला कमरेइतका कठडा लावून तो अशा जागी ठेवा की सामन्यांच्या मधल्या वेळेत लोक चालत जाऊन बघू शकतील. फर्स्टच्या स्पर्धांत प्रेक्षकांनाही संरक्षक चष्मा लावून पिटमध्ये फिरता येतं, सोपी गोष्ट आहे. लिथियमच्या बॅटऱ्या चार्ज करायची जागा मात्र प्रेक्षकांपासून लांब, वाळूच्या बादल्यांसह, आणि तिथे कायम एक जबाबदार माणूस.

अंतिम सामना झाला की अर्धा तास जिंकलेला आणि हरलेला, दोन्ही बॉट कठड्याशी आणून ठेवा, हवा सोडलेली, बॅटरी काढलेली. मागच्या वर्षी अशा अर्ध्या तासात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हरलेल्या बॉटपाशी येऊन थांबली. तिने पंजाच्या आतल्या रबरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे सुटलं कसं?" तो बॉट चालवणारा मुलगा दोन मिनिटांपूर्वी कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता. तो उठला, पाना घेतला, पंजा उघडला आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून तिला स्प्रिंग दाखवायला लागला. वीसेक माणसं आपोआप त्यांच्याभोवती गोळा झाली. हॉल बंद करायची वेळ झाली तरी ती माणसं हलत नव्हती.